एजंटाची नोंदणी आणि ग्राहकाचे पैसे

घर घेताना बिल्डरची कुंडली काढणारे पुष्कळ असतात. ज्याने आपल्याला त्या बिल्डरच्या दारापर्यंत नेले, त्या एजंटाची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. व्यवहार फिसकटला की पहिला राग निघतो तो त्याच्यावरच. ‘महारेरात जातो, तुझं लायसन्सच रद्द करून टाकतो,’ ही धमकी पुण्या-ठाण्यात आता नेहमीची झाली आहे. पण नोंदणी रद्द कशासाठी होते, ती कोण करतो आणि झाल्यावर ग्राहकाच्या पदरात काय पडते, याबद्दल धमकी देणारा आणि ऐकणारा दोघेही बऱ्याचदा अंधारात असतात.

मुळात एजंटावर कारवाई करता येईल असा कायदा आला तोच २०१६ साली. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, म्हणजे आपला ‘रेरा’. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी इस्टेट एजंट व्हायला एक मोबाइल आणि दोन-चार चाव्या पुरत.

“रेरा नंबर आहे, म्हणजे माणूस खात्रीचा”

एजंटाच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘ए’ या इंग्रजी अक्षराने होते. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीला नोंदणीसाठी १० हजार रुपये आणि कंपनी किंवा भागीदारी संस्थेला १ लाख रुपये शुल्क पडते. नोंदणी ५ वर्षे चालते. या क्रमांकाचा अर्थ एवढाच, की हा माणूस नियामकाच्या वहीत आहे आणि चुकला तर त्याला बोलावून जाब विचारता येतो. सरकारने त्याच्या सचोटीची हमी घेतलेली नसते. ‘रेरा अप्रूव्हड एजंट’ असे व्हिजिटिंग कार्डावर ठळक छापून मान्यतेचा आव आणणाऱ्यांकडे मी तरी जरा संशयानेच पाहतो.

कार्डावरच्या क्रमांकापेक्षा महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरची नोंद महत्त्वाची. नोंदणी चालू आहे, मुदत संपली आहे की स्थगित आहे, हे तिथे पाहावे. ज्यांची नोंदणी नाकारली गेली किंवा रद्द झाली त्यांचीही माहिती संकेतस्थळावर लोकांना पाहता यावी, अशी तरतूद कलम ३४ मध्ये आहे. घर पाहायला जाण्याआधी पाच मिनिटे तिथे घालवणारा ग्राहक विरळाच.

“प्री-लाँचमध्ये दोष बिल्डरचा, एजंट बिचारा मधला माणूस”

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबू. ज्यांना घर घ्यायचे असते त्यांच्या व्हॉट्सअॅपवर असे संदेश पडत असतात : ‘सर, प्री-लाँच आहे. रेरा नंबर पुढच्या महिन्यात येईल. आत्ता फक्त ईओआयचा चेक द्या, रिफंडेबल आहे. लाँच झाल्यावर रेट चौरस फुटाला हजाराने वाढेल.’ पाठवणारा स्वतःला ‘चॅनेल पार्टनर’ म्हणवतो. बरेचदा तो नोंदणीकृतही असतो.

कलम ३ नुसार नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात, विक्री किंवा बुकिंग करता येत नाही. हे बंधन बिल्डरवर आहे आणि ते सर्वांना ठाऊक असते. कलम १० मात्र थेट एजंटाकडे बोट दाखवते : नोंदणी आवश्यक असूनही न झालेल्या प्रकल्पातली सदनिका किंवा प्लॉट विकायला त्याने मदत करायची नाही. चेकला ‘ईओआय’ (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट) म्हणा, ‘टोकन’ म्हणा, नाहीतर ‘ब्लॉकिंग अमाउंट’. पैसे घेऊन घर राखून ठेवले की ते बुकिंगच. ‘मी फक्त ओळख करून दिली’ हा बचावही फारसा टिकणारा नाही. कायद्यातली एजंटाची व्याख्या ऐसपैस आहे. कोणत्याही माध्यमातून ग्राहक आणि विक्रेता यांची गाठ घालून देऊन मोबदला घेणारा तिच्यात येतो, मग तो स्वतःला दलाल म्हणो, मध्यस्थ म्हणो की सल्लागार.

कलम १० मध्ये आणखीही बंधने आहेत. हिशेब आणि कागदपत्रे जपून ठेवायची. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सगळी माहिती आणि कागद मिळतील हे पाहायचे. बिल्डरकडे नसलेली मंजुरी आहे असे सांगायचे नाही, जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात करायची नाही. ‘समोर मेट्रो स्टेशन येतंय, मंजूर झालंय’ हे वाक्य बोलताना एजंटाला हे कलम आठवत नसावे.

दंडाचा हिशेब कलम ६२ मध्ये आहे. कलम ९ (नोंदणीची सक्ती) किंवा १० चा भंग चालू राहील तितके दिवस रोज १० हजार रुपये, आणि ज्या मालमत्तेच्या व्यवहाराला मदत केली तिच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत एकूण कमाल. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटमागे ४ लाख. रोज १० हजारांनी मोजले तर चाळीस दिवसांत ही मर्यादा गाठली जाते. दोन टक्के दलाली धरली तर त्या व्यवहारात त्याच्या हाती येणार दीड लाखाच्या आसपास. कागदावर तरी हा सौदा एजंटाला परवडणारा नाही.

“दंड झाला की ते पैसे आपल्याला मिळतात”

नाही. कलम ७६ प्रमाणे दंडाची रक्कम राज्य सरकारच्या खात्यात जाते. नोंदणी रद्द झाली तरी तक्रारदाराला रुपयाही आपोआप मिळत नाही. शिस्तीची कारवाई हा नियामक आणि एजंट यांच्यातला मामला आहे. पुढच्या ग्राहकाला त्याच्यापासून वाचवणे हा तिचा हेतू. आपले अडकलेले पैसे ही वेगळी लढाई, आणि ती प्रामुख्याने बिल्डरशी. खोट्या जाहिरातीमुळे झालेले नुकसान, मंजूर आराखड्यापासून फारकत, ताबा न मिळणे, यांच्या भरपाईची १२, १४ आणि १८ ही कलमे बिल्डरची जबाबदारी सांगतात.

त्यामुळे संतापाच्या भरात एकट्या एजंटावर तक्रार ठोकून मोकळे होणारे स्वतःचेच नुकसान करून घेतात. कलम ३१ खाली दोघांविरुद्ध दाद मागता येते. महाराष्ट्रात तक्रारीचे शुल्क ५ हजार रुपये आहे. एजंटाविरुद्ध काय हवे आणि बिल्डरकडून काय हवे, या दोन मागण्या अर्जात वेगवेगळ्या मांडल्या नाहीत तर सुनावणीत गोंधळ ठरलेला.

“सगळेच दलाल रेराखाली येतात”

येत नाहीत. कलम ९ ची सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डर विकत असलेल्या घरांच्या आणि प्लॉटच्या व्यवहारांपुरती. दादरच्या जुन्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मालक स्वतः विकत असेल, किंवा कोथरूडमध्ये वन बीएचके भाड्याने द्यायचा असेल, तर मधल्या माणसाला या नोंदणीची गरज नाही. एकच एजंट सकाळी नव्या टॉवरचा सॅम्पल फ्लॅट दाखवतो आणि संध्याकाळी भाडेकरू शोधतो. सकाळच्या कामाला रेरा लागू, संध्याकाळच्या नाही. भाड्याच्या किंवा रिसेलच्या दलालीत फसवणूक झाली तर ग्राहक आयोग, दिवाणी न्यायालय किंवा पोलीस, हे मार्ग उरतात.

“सस्पेंड झाला, म्हणजे भामटाच”

महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. जुन्या एजंटांना प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मुदत वाढवून १ जानेवारी २०२४ पर्यंत दिली होती. ज्यांनी ते घेतले नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. आकडा मोठा म्हणून बातमीही मोठी झाली, आणि हे सगळे फसवणुकीत सापडले असाच अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात ही स्थगिती परीक्षेचे प्रमाणपत्र नसल्याबद्दल होती. त्यात धंदा केव्हाच सोडून दिलेलेही असणार. मात्र स्थगिती असताना नव्या प्रकल्पातले घर विकणे हा गुन्ह्यावर गुन्हा, हे खरेच.

उलट टोकाचा समज असाही आढळतो, की आज तक्रार केली आणि उद्या नोंदणी गेली. कलम ९ मध्ये अटींचा भंग, खोटी माहिती किंवा लबाडी यासाठी नोंदणी रद्द किंवा स्थगित करता येते. पण एजंटाचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच. प्राधिकरण स्वतःहूनही चौकशी करू शकते. निकाल शक्यतो ६० दिवसांत लागावा असे कायदा म्हणतो. त्यातला ‘शक्यतो’ किती लांबतो हे तक्रारदारांना ठाऊक आहे. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. तुरुंगाचे म्हणाल, तर एजंटाला या कायद्याखाली कैद होऊ शकते ती न्यायाधिकरणाचा आदेश धुडकावल्यास, कमाल एक वर्षाची. फसवणुकीचा फौजदारी गुन्हा हा स्वतंत्र रस्ता आहे.

“महाराष्ट्रात नोंदणी आहे, म्हणजे गोव्यातही चालते”

नोंदणी त्या-त्या राज्यापुरती असते. पेडण्यातला नोंदणीकृत प्रकल्प मुंबईत बसून विकायचा तर गोवा रेराची नोंदणी हवी. दुबईत प्रदर्शन भरवून मराठी माणसाला सेकंड होम विकणाऱ्यालाही हाच नियम लागू.

राहिली दलाली. ती किती घ्यावी हे रेराने ठरवलेले नाही, त्यामुळे ‘दोन टक्के जास्त घेतले’ एवढ्यावर गैरवर्तन सिद्ध होत नाही. कबूल केली होती त्याहून जास्त मागितली, किंवा बिल्डर देणार असे सांगून नंतर ग्राहकाकडूनही उकळली, तर लिखित पुरावा कामाला येतो. सगळ्यांत उपयोगी कागद म्हणजे विक्री करार. त्यात एजंटाचा तपशील देण्याचे बंधन महारेराने घातले आहे. तरीही तो रकाना कोरा सोडलेले मसुदे फिरत असतात, आणि नंतर ‘आमचा कोणी एजंटच नव्हता’ म्हणायला बिल्डर मोकळा राहतो. मसुदा हाती आला की आधी तो रकाना पाहावा, आणि सब-रजिस्ट्रारकडे दस्त जाण्यापूर्वी नाव व नोंदणी क्रमांक भरून घ्यावा.