अमोनिया तोच, धातू वेगळा

मुंबई-कोलकाता महामार्ग गोंदिया जिल्ह्यातून कोहमारा, देवरी असा छत्तीसगडकडे जातो. या रस्त्यावरच्या नव्या ट्रकांना दोन टाक्या असतात. मोठीत डिझेल आणि निळ्या झाकणाच्या छोटीत डीईएफ, ज्याला चालक सरळ ‘युरिया’ म्हणतात. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो, बाकी क्षारमुक्त पाणी. शेतकरी धानाच्या बांधीत टाकतो तोच हा रेणू. ट्रकमध्ये तो धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला वापरतात.

देवरीच्या वायव्येला तिरोड्यात ६६० मेगावॉटचे पाच संच असलेले ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशाच्या धुरातही हाच वायू असतो आणि त्यावरचा उपायही हाच, युरियापासून मिळणाऱ्या अमोनियाचा. पण ट्रकवाल्यांनी २०२० पासून अंगवळणी पाडून घेतलेला हा उपाय भारतातल्या बहुतेक कोळसा केंद्रांत अजून बसलेला नाही. याचे कारण अमोनियात नाही. ज्या धातूवर ही अभिक्रिया घडते, त्या धातूवरून काय वाहत जाते, यात ते आहे.

हवेचा ७८ टक्के भाग असलेला नायट्रोजन एरवी कशातही पडत नाही. तापमान दीड हजार अंशांपलीकडे गेले की मात्र तो ऑक्सिजनशी जोडला जातो. कोळशात स्वतःचाही एक-दीड टक्का नायट्रोजन असतो, तोही जळतो. चिमणीतून बाहेर पडलेले हे ऑक्साइड उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. तो फुप्फुसांना बाधतो, तसाच उभ्या पिकालाही. हवेतल्या सूक्ष्म नायट्रेट कणांचा उगमही इथेच.

गरम धुरात युरिया फवारला की त्याचा अमोनिया होतो. अमोनियाचा एक रेणू आणि नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू थोड्या ऑक्सिजनच्या साथीने एकत्र येतात आणि उरतात फक्त नायट्रोजन वायू आणि पाण्याची वाफ. नायट्रोजनच्या जोडीतला एक अणू अमोनियाकडून येतो आणि दुसरा धुराकडून. जड नायट्रोजनची खूण लावलेला अमोनिया वापरून शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आहे. उत्प्रेरकाविना ही भेट घडवायला नऊशे-हजार अंश लागतात. योग्य धातू मध्ये असला तर तीन-साडेतीनशे पुरतात.

यातला ‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा. प्लॅटिनम हा उत्प्रेरकांचा राजा, पण त्याच्या तापलेल्या जाळीवरून हवा आणि अमोनिया सोडला तर अमोनिया जळून उलट नायट्रिक ऑक्साइडच तयार होतो. जगभर नायट्रिक आम्ल याच ओस्टवाल्ड पद्धतीने बनते. एक धातू प्रदूषक मिटवतो, दुसरा तोच घडवतो. म्हणून या तंत्राच्या नावात ‘निवडक’ हा शब्द आहे: सिलेक्टिव्ह कॅटॅलिटिक रिडक्शन, थोडक्यात एससीआर. उत्प्रेरकाने अमोनियाची गाठ नायट्रिक ऑक्साइडशीच घालून द्यायची, भोवती मुबलक असलेल्या ऑक्सिजनशी नाही.

जपानमध्ये १९७०च्या दशकात ही निवड साधली ती व्हॅनेडियमने. टिटॅनियम ऑक्साइडच्या पायावर टंगस्टनची जोड देऊन व्हॅनेडियम ऑक्साइडचा अगदी विरळ थर दिला जातो. १९९४ साली डेन्मार्कच्या नान-यू टॉप्सो यांनी अवरक्त किरणांनी या पृष्ठभागाची चालू अभिक्रियेतच तपासणी केली आणि तिथे दोन कामे चालतात हे दाखवले. पृष्ठभागावरची आम्लधर्मी ठिकाणे अमोनियाला धरून ठेवतात आणि शेजारचा व्हॅनेडियम-ऑक्सिजन बंध त्याला अभिक्रियेला तयार करतो. आम्लधर्मी जागा गेली की अमोनिया टिकत नाही आणि उत्प्रेरक निकामी होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवू, कारण गोंदियाच्या धानाशी तिचा संबंध आहे.

वीज केंद्रात हा उत्प्रेरक मधाच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यांत घडवून बॉयलर आणि एअर प्रीहीटर यांच्या मध्ये बसवतात, कारण हवे ते तापमान तिथेच मिळते. पण राख पकडणारी यंत्रणा त्याच्या नंतर येते, म्हणजे सगळी राख या छिद्रांतूनच जाते. जपान-जर्मनीने ज्या कोळशावर हे तंत्र बसवले, त्याहून भारतीय कोळशात राख कितीतरी जास्त, बऱ्याचदा ३५-४० टक्के, आणि तीही सिलिकाने भरलेली, खरवडणारी. छिद्रे बुजतात, भिंती झिजतात. शिवाय व्हॅनेडियम धुरातल्या थोड्या सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करतो. उरलेल्या अमोनियाशी मिळून त्याचा चिकट क्षार होतो आणि तो प्रीहीटरमध्ये बसतो. एनटीपीसीने काही केंद्रांवर छोट्या चाचण्या घेतल्या, तेव्हाही राखेचाच प्रश्न पुढे आला.

नायट्रोजन ऑक्साइडच्या नियमांचा प्रवासही असाच अडखळत झाला. डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेने २००४ ते २०१६ दरम्यान बसवलेल्या संचांना दर घनमीटर धुरात ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. २०२० मध्ये ती ४५० झाली. बर्नर आणि हवेची मांडणी बदलूनही हा आकडा गाठता येतो, उत्प्रेरक लागत नाही. २०१२ ते २०१४ दरम्यान सुरू झालेले तिरोड्याचे संच याच गटात मोडतात. २०१७ पासूनच्या संचांना मात्र १०० मिलिग्रॅमचे बंधन आहे, म्हणून तेलंगणातल्या यदाद्री केंद्रासाठी बीएचईएलने बेंगळुरूत देशी उत्प्रेरक बनवले.

मग ट्रकला हे सोपे कसे गेले? त्याच्या धुरात कोळशाची राख नाही, थोडी काजळी असते ती आधीच गाळली जाते, आणि बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फक्त दहा भाग. अडचण वेगळीच आहे: तापमान सतत वरखाली होते. तिथे अनेकदा तांबे लागते, तेही झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या पिंजऱ्यात. एसएसझेड-१३ या झिओलाइटची रचना चॅबाझाइट या खनिजासारखी आहे, आणि चॅबाझाइट महाराष्ट्राच्या बेसाल्ट खडकांतल्या पोकळ्यांत निसर्गतः सापडते. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवले की कमी तापमानाला अमोनियाने वेढलेले तांब्याचे आयन जागेवरून सुटून पिंजऱ्यांतून फिरतात आणि जोडीने ऑक्सिजन पकडतात. उरलासुरला अमोनिया जाळायला शेवटी थोडे प्लॅटिनम असते. वर ज्याला नाकारले, त्याचा उपयोग तिथे होतो.

कोळशाच्या धुरासाठी दुसरी वाट म्हणजे आधी राख काढून मग उत्प्रेरक लावणे. पण तोवर धूर १३० अंशांच्या आसपास निवतो. इतक्या थंडीत चालणाऱ्या धातूंत मँगनीजचे नाव वर आहे. गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या बालाघाटमध्ये आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीत मॉइल कंपनी मँगनीज काढते. धातुक म्हणजे उत्प्रेरक नव्हे, आणि सल्फर डायऑक्साइडपुढे मँगनीज लवकर हार मानतो. सिरियमची जोड देऊन त्याला टिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आता धानाचा मुद्दा. वीज केंद्रांनी कोळशात ५ ते ७ टक्के जैवइंधन मिसळावे असे केंद्राचे धोरण आहे, आणि भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात तूस आणि तणस मुबलक. पण तणसात पोटॅशियम भरपूर असते. ते राखेसोबत व्हॅनेडियमवर बसले की त्याच आम्लधर्मी जागा मारते. तुसात पोटॅशियम कमी आणि सिलिका जास्त, म्हणजे विष कमी पण झीज अधिक. एकाच शिवारातल्या दोन गोष्टी उत्प्रेरकाला दोन तऱ्हांनी छळतात. त्यामुळे उद्या इथे एससीआर बसवायची वेळ आली, तर परदेशी कोळशावर मिळालेले हमीपत्र पुरणार नाही. इथलाच कोळसा आणि इथलाच तूस-तणस जाळून, काही हजार तास त्या धुरात उत्प्रेरक ठेवून पाहावा लागेल. अमोनियाचे रसायनशास्त्र जगभर एकच असले, तरी उत्प्रेरकाचे आयुष्य ठरवते ती त्या त्या ठिकाणची राख.