मिरगीला वेळ कळते

मुंबईहून संध्याकाळी निघालेली अमरावती एक्स्प्रेस रात्रभर धावून सकाळी बडनेऱ्याला लागते. गर्दीच्या डब्यात जागत आलेलं कॉलेजातलं पोरगं घरी पोचतं, चहाचा कप उचलतं आणि हात असा झटकतो की चहा अंगावर. "काऊन रे, झोप नाही झाली का?" आई विचारते. तिनं अर्धं निदान तिथंच केलेलं असतं. किशोरवयात सुरू होणाऱ्या मिरगीच्या एका प्रकारात असे झटके उठल्या-उठल्या येतात आणि जागरणानंतर वाढतात. लक्ष दिलं नाही, तर एक दिवस पोरगं फिट येऊन पडतं.

मिरगी, म्हणजे अपस्मार, वेळ पाहून येते, हे लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. काहींना फिट फक्त दिवसा यायची, काहींना फक्त रात्री, उरलेल्यांना केव्हाही. कपाळामागच्या भागातून सुरू होणारी फिट बहुधा झोपेत गाठते, कानशिलामागची बरेचदा दुपारी. गाढ झोपेत मेंदूतल्या पेशी एका ठेक्यात चालतात, त्यामुळे एका कोपऱ्यातली ठिणगी लवकर पसरते. स्वप्नं पडतात त्या झोपेत हा ठेका मोडतो, म्हणून फिट क्वचितच येते. आणि जागरण जितकं लांबतं, तितका मेंदू चटकन पेटतो. झोपेचं आणि जागेपणाचं वेळापत्रक मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक इवलासा पुंजका सांभाळतो, आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर तो आपलं घड्याळ लावून घेतो.

आपल्याकडे म्हणतात, मिरगी अमावस्येला उठते. मेंदूत बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली मांडल्या, तेव्हा अनेकांच्या फिटा काही आठवड्यांच्या फेऱ्याने येताना दिसल्या. फेरा खराच आहे, पण तो ज्याच्या-त्याच्या शरीराचा, प्रत्येकाचा वेगळा. चंद्राला त्यात ओढायचं कारण नाही, आणि मांत्रिकाला तर नाहीच.

डॉक्टरांना "अधूनमधून येते" एवढंच सांगितलं, तर त्यांच्या हाती काही लागत नाही. वेळ सांगितली, तर निदानाला दिशा मिळते आणि गोळी केव्हा घ्यायची हेही ते ठरवू शकतात. गोळीची वेळ आपल्या मनाने मात्र बदलू नये. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपली पाळी डॉक्टरांना आवर्जून सांगावी. वही नसली, तरी स्वयंपाकघरात कॅलेंडर असतंच. दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या तारखेच्या चौकोनात, एवढं लिहायचं: पहाटे 5, दोन मिनिटं, रात्री झोप 3 तास.