नाव एकाचं, आवाज दुसऱ्याचा

‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं सप्टेंबर 1979 मध्ये न्यू जर्सीतल्या शुगर हिल रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीनं काढलं. मूळ रेकॉर्ड साडेचौदा मिनिटांची. फॅटबॅक बँडची एक रॅप असलेली तबकडी त्याच वर्षी थोडी आधी आली होती, पण लोकांच्या तोंडी बसलं ते हेच गाणं. बिलबोर्डच्या यादीत ते 36व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि न्यूयॉर्कच्या बाहेर लाखो लोकांनी रॅप पहिल्यांदा ऐकला तो या गाण्यातून. गाणारे तिघे होते, वंडर माइक, मास्टर जी आणि बिग बँक हँक. यातल्या हँकच्या तोंडच्या ओळी आपल्या वहीतल्या आहेत, असं ब्राँक्सचा ग्रँडमास्टर कॅझ, म्हणजे कर्टिस ब्राऊन, कित्येक वर्षांपासून सांगत आला आहे. जुन्या कलाकाराची जुनी कुरकुर म्हणून ते झटकून टाकणं सोपं आहे. पण कॅझ इतिहासातली एक चूक दुरुस्त करू पाहतो आहे, आणि त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्या गाण्यातच आहे.

हँक हा मुळात रॅपर नव्हताच. तो कॅझच्या गटाचं व्यवस्थापन बघायचा आणि न्यू जर्सीतल्या एका पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. तिथं कॅसेट लावून तो त्या ओळींबरोबर गुणगुणत असताना कंपनीच्या मालकीणबाई सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या नजरेत भरला. रेकॉर्डिंगची संधी आली तेव्हा तो कॅझकडे गेला, आणि कॅझ सांगतो त्याप्रमाणे कॅझनं आपली वही त्याच्यापुढे टाकली, हवं ते घे म्हणाला. त्या वेळी कॅझचं एक टोपणनाव होतं कॅसानोव्हा फ्लाय. गाण्यात हँक आपली ओळख करून देताना कॅसानोव्हा हे नाव एकेक अक्षर सुटं करून उच्चारतो. हँकला या नावानं कोणी ओळखत नव्हतं. वहीतला मजकूर जसाच्या तसा उचलताना मूळ कवीचं नावही त्यात राहून गेलं, आणि बदलायला हवं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आपल्याकडे नाममुद्रा बदलून तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवणारा सालोमालो 1936च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटामुळे घरोघरी माहीत आहे. त्यानं निदान नाव तरी बदललं होतं. इथं मुद्रा कॅझची तशीच शाबूत आहे, आणि ती आजही प्रत्येक प्रतीत ऐकू येते.

याच गाण्यात आणखी एक उसनवारी होती. पाठीमागे वाजणारी बेसची चाल शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची, स्टुडिओतल्या वादकांनी नव्यानं वाजवलेली. त्या बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कोर्टाची भाषा केली, तडजोड झाली आणि दोघांची नावं श्रेयात लागली. ते योग्यच झालं. एकाच तबकडीवर दोन जणांचं देणं होतं, एक चालीचं, एक शब्दांचं. ज्यांच्यामागे वकील होते आणि नाव होतं त्यांचं देणं चुकतं झालं. ब्राँक्सच्या कॅझमागे यातलं काहीच नव्हतं. फरक हक्कात नव्हता, ताकदीत होता.

त्या काळी ओळी सगळ्यांच्याच असायच्या, एकमेकांच्या म्हटल्या जायच्या, हा पहिला आक्षेप. काही ठरावीक घोषणा, टाळ्या घ्यायच्या ओळी खरंच सामाईक होत्या. पण दुसऱ्याचे शब्द स्वतःचे म्हणून म्हणणाऱ्याला त्याच मंडळींत ‘बायटर’ म्हणत, आणि रॅपरला त्याहून मोठी शिवी नव्हती. म्हणजे मालकीची जाण त्या वस्तीत होती, ती बाहेरून आलेली नव्हती. दुसरा आक्षेप असा, की वही त्यानंच दिली, मग तक्रार कसली? वापरायला देणं आणि मालकी सोडणं यात अंतर आहे. 1 जानेवारी 1978 पासून अमलात आलेल्या अमेरिकी कायद्यानुसार मजकूर कागदावर उतरला की हक्क निर्माण होतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला लेख लागतो. मग त्यानं दावा का लावला नाही? त्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि विशीच्या आसपासच्या, वकील कधी न पाहिलेल्या मुलाकडून ती पाळली जाईल हे गृहीत धरणं म्हणजे त्याला त्याच्या गरिबीचीच शिक्षा देणं.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. सिल्व्हियाबाईंनी ही तबकडी काढली नसती तर हिप-हॉप कदाचित ब्राँक्स-हार्लेममध्येच राहिलं असतं, आणि हँकच्या आवाजाशिवाय त्या ओळी इतक्या दूर पोचल्या नसत्या. हे मान्य करायलाच हवं. हँक 2014 मध्ये वारला. त्याच्या गाण्यातला उत्साह खरा होता. पण प्रसाराचं श्रेय रॉबिन्सनबाईंना आणि लेखनाचं कॅझला, ही दोन्ही श्रेयं शेजारीशेजारी नांदू शकतात. नावाचा प्रश्न तर पुढे खुद्द वंडर माइक आणि मास्टर जी यांच्यापुढेही उभा राहिला. आपली ओळख परत मिळवण्यासाठी त्यांना जो झगडा करावा लागला, त्यावर 2011 मध्ये ‘आय वाँट माय नेम बॅक’ हा माहितीपट निघाला.

कॅझचं सांगणं त्याच्यापुरतं नाही. हिप-हॉपची सुरुवात जिथून मानतात ती डीजे कूल हर्कची ब्राँक्समधली, 1520 सेजविक अव्हेन्यूवरची पार्टी झाली 11 ऑगस्ट 1973 रोजी. तिथपासून 1979 पर्यंतची सहा वर्षं ही कला तबकडीशिवाय जगली. तिचे पुरावे म्हणजे पार्ट्यांच्या कॅसेटी, हातानं काढलेली पत्रकं आणि माणसांच्या आठवणी. कॅझ ज्या कोल्ड क्रश ब्रदर्समध्ये होता त्यांचा दबदबाही आधी अशा हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींतून पसरला. 1983च्या ‘वाइल्ड स्टाइल’ चित्रपटात ते पडद्यावर दिसतात. ज्याची रेकॉर्ड पहिली निघाली तोच जनक, असं ठरवलं तर ही सहा वर्षं पुसली जातात. म्हणून त्या काळच्या माणसानं स्वतःचं काम स्वतः सांगितलं की त्याला गर्विष्ठ म्हणण्याची घाई करू नये. इथं तो साक्षीदार आहे, आणि त्याच्या जागी साक्ष देणारं दुसरं फारसं कोणी उरलेलं नाही.

2000 साली त्यानं ‘एमसी डिलाइट’ नावाचं गाणं काढून आपली बाजू रॅपमध्येच मांडली. पुढे तो न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांना हिप-हॉपच्या जन्मस्थळांची सफर घडवू लागला. 2015 मध्ये मॅकलमोर आणि रायन लुईस यांच्या ‘डाउनटाउन’ या गाण्यात मेली मेल, कूल मो डी यांच्याबरोबर त्याचं नाव रीतसर छापून आलं. ‘रॅपर्स डिलाइट’ला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत 2011 मध्ये जागा मिळाली आहे. ते गाणं जिथं जिथं वाजेल, छापलं जाईल, शिकवलं जाईल, तिथं हँकच्या ओळींचा लेखक म्हणून कर्टिस ब्राऊन हे नाव लागलं पाहिजे. त्यासाठी आता कोर्टात जायची गरज नाही.