एका गंधाराचं भांडण

घरी हार्मोनियम आहे? पांढरी एकचा ‘सा’ धरा. आता गंधार शुद्ध की कोमल, यावर पियानोवाले अजून भांडतायत! 1839 मध्ये छापलेला शोपँचा सी मायनर प्रिल्यूड (ओपस 28, क्रमांक 20), अवघा 13 बारचा. तिसऱ्या बारच्या शेवटच्या कॉर्डमध्ये त्याच्या हस्तलिखितात कोमलाची खूण नाही, म्हणून शुद्ध. पण त्याची शिष्या जेन स्टर्लिंगच्या छापील प्रतीत पेन्सिलीने ती घातलेली आहे. आधी विसरला, की नंतर मन बदललं? काही संपादक खूण कंसात टाकून मोकळे होतात! मला कोमल पटतो. शिकवताना गुरूच्या कानाला चूक खटकतेच. तुम्ही मात्र दोन्ही वाजवून बघा. शुद्ध लागला की क्षणभर उजाडल्यासारखं वाटतं, आणि मग माझंच मत डळमळतं.