पासपोर्टमधली चिप: भीती सॉफ्टवेअरची, प्रश्न तारेचा

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचं नाव निघालं की डोळ्यांपुढे कागद आणि शाई येते: पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट. 1925 च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रेसमधून निघणाऱ्या पासपोर्टात आता एक इलेक्ट्रॉनिक सर्किटही असतं. 2008 साली राजनैतिक वापराचे चिपवाले पासपोर्ट निघाले आणि त्यातला पहिला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला. सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक सुरुवात झाली ती 1 एप्रिल 2024 पासून, आणि सुरुवातीच्या कार्यालयांत नागपूर आणि गोवा होते. मुखपृष्ठावर खालच्या बाजूला छोटी सोनेरी खूण दिसली की आत चिप आहे असं समजावं. ही खूण दिसायला लागली तशा अफवाही आल्या. आपण कुठं जातो ते सरकारला कळत राहणार, गर्दीत कुणीही खिशातली माहिती ओढून घेणार, लोहचुंबकाजवळ ठेवला तर सगळं पुसलं जाणार. या तिन्ही समजुतींचं मूळ एकच आहे. चिप म्हणजे छोटासा मोबाइल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिला बॅटरीच नाही, आणि तिची जवळजवळ सगळी रचना या एका उणिवेतून ठरलेली आहे.

विमानतळावरचा रीडर 13.56 मेगाहर्ट्झने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. पासपोर्टात बसवलेल्या बारीक तारेच्या कॉइलमध्ये त्यामुळे व्होल्टेज निर्माण होतं, त्यावरच चिप जागी होते आणि त्याच कॉइलवरचा भार कमीजास्त करून उत्तर देते. म्हणजे ती स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे 22 मीटर आहे आणि कॉइल काही सेंटिमीटरची, तेव्हा इथला प्रकार रेडिओ केंद्रापेक्षा ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांना जास्त जवळचा. रीडरच्या कॉइलच्या आकारापलीकडे गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं, मिळणारी शक्ती चौसष्टाव्या हिश्शावर. म्हणून नेहमीचं वाचन दहाएक सेंटिमीटरच्या आतच होतं. उपग्रहाचे संकेत पकडायला किंवा मोबाइल टॉवरशी बोलायला लागणारी शक्ती या चिपला कुठूनच मिळत नाही. रीडर दूर गेला की ती निर्जीव. लोहचुंबकाचं म्हणाल, तर चिपमधली नोंद विद्युतभाराच्या रूपात असते. जुन्या एटीएम कार्डावरच्या काळ्या पट्टीचा नियम तिला लागू होत नाही.

यावर कुणी म्हणेल, रीडरच जबरदस्त ताकदीचा केला तर? शंका रास्त आहे आणि ती तपासलीही गेली आहे. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये स्वस्तात एक रीडर बनवून याच जातीची चिप सुमारे 25 सेंटिमीटरवरून वाचून दाखवली. दहाचे पंचवीस झाले, पण शंभर मीटर झाले नाहीत. अधिकृत रीडर आणि चिप यांच्यात चाललेला संवाद चोरून ऐकणं मात्र त्याहून लांबून शक्य आहे, आणि खरा धोका तिथं आहे. म्हणून चिप सरळ बोलत नाही. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख या आतल्या पानावर छापलेल्या मजकुरातून किल्ली तयार होते, आणि ती जुळल्याशिवाय फोटोसुद्धा बाहेर येत नाही. पासपोर्ट मिटलेला असताना हा मजकूर कुणाला दिसत नाही. ही किल्ली फार भक्कम आहे असंही नाही. क्रमांक ओळीनं दिलेले असतील तर अंदाज बांधता येतो, आणि नेदरलँड्सच्या सुरुवातीच्या पासपोर्टांत नेमकी हीच त्रुटी सापडली होती. त्यामुळे नंतर पेस नावाची अधिक मजबूत पद्धत आली.

दुसरा गैरसमज जाणकार म्हणवणाऱ्यांतला आहे: चिप विकत आणली, प्रोग्रॅम लिहिला, की काम झालं, कॉइल काय, नुसती तार. पण हिशेब पाहा. चिपची आतली धारिता 17 पिकोफॅरड असेल, तर 13.56 मेगाहर्ट्झवर सूर जुळायला कॉइलचं प्रेरकत्व सुमारे 8 मायक्रोहेन्री लागतं. ते दहा टक्क्यांनी वाढलं की सूर 12.9 मेगाहर्ट्झवर घसरतो. झोक्याला चुकीच्या लयीत धक्के द्यावेत तशी ऊर्जा वाया जाते. बरं, सूर फार काटेकोर जुळवला तरी पंचाईत, कारण चिपचं उत्तर मुख्य वारंवारतेपासून 847.5 किलोहर्ट्झ बाजूला असतं आणि अतिकाटेकोर कॉइल नेमकं तेच दाबून टाकते. शेजारी धातूचा पत्रा आला की सूर हलतो. घरातल्या चौघांचे पासपोर्ट एकावर एक ठेवले तरी कॉइल एकमेकींना ओढतात. शिवाय हे सगळं पुस्तकाच्या जाडीत, दाबून चिकटवलेलं, दहा वर्षं वाकणारं, मागच्या खिशात बसणारं. कॉइल जिथं चिपला जोडली जाते तो सांधा तुटला तर कितीही चांगला प्रोग्रॅम त्याला काही करू शकत नाही. मग बॅटरीच का नाही घातली? कारण पुस्तकात बसेल इतकी पातळ आणि दहा वर्षं टिकेल अशी बॅटरी हा आणखी एक बिघडणारा भाग झाला असता. आणि वीज नसताना चिप मुकी राहते, हा फायदा हातचा गेला असता.

उलट्या टोकाचा समज असा की चिप आली, आता नकली पासपोर्ट संपले. चिपमधल्या माहितीवर देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. फोटोतला एक बिंदू बदलला तरी सही जुळत नाही. पण न बदलता हुबेहूब नक्कल करणं वेगळं, आणि तेही 2006 मध्ये जर्मन पासपोर्टवर करून दाखवलं गेलं. त्यावर उत्तर म्हणजे चिपच्या आत एक गुप्त किल्ली ठेवायची, जी कधीच बाहेर येत नाही, आणि रीडरनं विचारलेल्या कोड्याचं उत्तर फक्त तिच्यानंच देता येतं. इथं पुन्हा विजेचा हिशेब आडवा येतो. हे गणित हवेतून मिळालेल्या तुटपुंज्या शक्तीवर करायचं, आणि रांगेतला माणूस ताटकळू नये इतक्या लवकर. वीस किलोबाइटचा फोटोच सेकंदाला 106 किलोबिटच्या मूळ वेगानं यायला दीड सेकंद घेतो, म्हणून जास्त वेगाची सोय मानकात आहे. आणि एवढं सगळं जमलं तरी सही तपासायला समोरच्या यंत्रात भारताचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल, तर त्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याला चिपमधून फक्त एक फोटो मिळतो, आणि तो छापील फोटोशी डोळ्यांनीच ताडून पाहावा लागतो.