सततची शीतपीडा : एका उपेक्षित लक्षणाची मीमांसा

थंडीच्या अनुभवासाठी मराठीत एकच शब्द नाही. पौषातल्या पहाटे माणूस काकडतो, तापाच्या आरंभी त्याला हीव भरते, घाबरला असता त्याचे हातपाय गार पडतात; आणि यांपैकी कोणतेही कारण नसताना काहींना बारा महिने थंडी वाजत राहते. प्रस्तुत लेखाचा विषय हा शेवटचा प्रकार होय. घरातील इतर मंडळी पंख्याखाली बसली असता जी व्यक्ती शाल पांघरून असते, तिची तक्रार बहुधा 'प्रकृतीच नाजूक' अशा शब्दांनी निकालात काढली जाते. ही व्यक्ती पुष्कळदा मध्यमवयीन स्त्री असते, आणि मग तिच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची निकड कोणास फारशी भासत नाही. या लक्षणामागे अनेकदा शोधता येण्याजोगा व उपचारसाध्य विकार असतो, हे विशद करणे हा या लेखाचा हेतू आहे.

उष्णतेचा जमाखर्च

निरोगी मनुष्याचे आंतरिक तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर असते. विश्रांतीच्या अवस्थेत यकृत, मेंदू, हृदय व मूत्रपिंडे ही इंद्रिये, आणि श्रमाच्या वेळी मुख्यतः स्नायू, अन्नाच्या ज्वलनातून उष्णता निर्माण करतात. रक्त ती सर्वत्र वाहून नेते आणि त्वचेवाटे ती बाहेर पडते. या जमाखर्चाचा मेळ राखणारे केंद्र मेंदूच्या तळाशी, अधोथॅलॅमस या भागात आहे. खर्च वाढू लागला की ते त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. तेवढ्याने भागले नाही तर स्नायूंना कंप सुटतो, आणि हुडहुडी भरलेल्या शरीराचे उष्णतेचे उत्पादन काही काळ कित्येक पटींनी वाढते.

तापमान व थंडीची जाणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. ही जाणीव प्रामुख्याने त्वचेतील तंत्रिकाग्रांकडून येते. तेथील टीआरपीएम-८ हे प्रथिन साधारणतः २६ अंशांखालील गारव्याने आणि त्याचप्रमाणे मेंथॉलनेही उद्दीपित होते, असे २००२ मध्ये दाखविण्यात आले. तापमानाच्या व स्पर्शाच्या ग्राहींवरील संशोधनाबद्दल डेव्हिड ज्यूलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाचा रोगी अंग तापलेले असतानाही थंडीने कापतो, याचे कारण त्याच्या मेंदूतील नियंत्रणकेंद्राने शरीराचे इष्ट तापमानच वर चढविलेले असते. तेव्हा तापमापकाचा पारा योग्य जागी आहे एवढ्यावरून रोग्याची तक्रार खोटी ठरत नाही.

या रचनेवरून सततच्या थंडीची कारणे कोठे शोधावयाची हे ठरते. उष्णता कमी निर्माण होत असेल, ती वाहून नेणारे रक्त निकृष्ट असेल, रक्त हातापायांच्या अग्रांपर्यंत नीट पोहोचत नसेल, किंवा नियंत्रण व संवेदना यांत बिघाड असेल. या क्रमानेच आपण पुढे जाऊ.

अवटु ग्रंथीचे मांद्य

गळ्यातील अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, शरीरातील ज्वलनाचा वेग ठरविते. तिचा स्राव उणा पडला की पेशींचे चयापचय मंदावते आणि रोग्यास थंडी सोसवत नाही. जोडीला आळस, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, घोगरा आवाज व मंद नाडी ही लक्षणे हळूहळू उमटतात. ती इतक्या संथपणे येतात की घरच्यांस व स्वतः रोग्यासही ती वयाचीच वाटतात.

या विकाराचा इतिहास उद्बोधक आहे. सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे प्रौढ स्त्रियांत आढळणाऱ्या एका चमत्कारिक मांद्याचे वर्णन केले. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये त्यास मिक्सिडीमा हे नाव दिले. स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद टेओडोर कोखर यांना १८८३ मध्ये असे आढळून आले की, गलगंडासाठी ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढून टाकली होती त्यांचीही हीच अवस्था झाली होती. कारण उघड झाले, उपाय मात्र नव्हता. तो १८९१ मध्ये न्यूकॅसल येथील डॉ. जॉर्ज मरे यांनी योजिला. त्यांची रुग्ण ४६ वर्षांची स्त्री होती. ग्लानी, अनोळखी माणसांस भेटण्याची नावड आणि थंडीचा अतिशय त्रास या तिच्या तक्रारी त्यांनी नोंदविल्या आहेत. तिचे तापमान ९५.६ ते ९७.२ अंश फॅरनहाइट असे. मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचण्यास आरंभ केल्यावर काही महिन्यांतच तिची प्रकृती पालटली. हा उपचार, पुढे तोंडावाटे, अखेरपर्यंत चालू राहिला व ती १९१९ मध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी निवर्तली. एका ग्रंथीच्या अभावाने गारठलेली स्त्री त्या ग्रंथीच्या अर्कावर २८ वर्षे जगली. ग्रंथीतील थायरॉक्सिन हे हॉर्मोन एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये वेगळे केले आणि आज तेच कृत्रिम रूपात गोळीवाटे दिले जाते.

आयोडीनची उणीव हे या मांद्याचे जुने कारण होय. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगांनी आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध केली व १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जेथे आयोडीन पुरेसे मिळते तेथे, शरीराच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला आघात हे प्रमुख कारण ठरते. जपानी वैद्य हाकारू हाशिमोतो यांनी त्याचे वर्णन १९१२ मध्ये केले.

इंधनाचा तुटवडा

चूल धड असली तरी सरपण नसेल तर ऊब कोठून येणार? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ स्वेच्छेने आलेल्या तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांश घटले, तर विश्रांतीच्या अवस्थेतील ज्वलन सुमारे ४० टक्क्यांनी खाली आले. हे तरुण ऐन उन्हाळ्यातही थंडीची तक्रार करीत. शरीराने काटकसर आरंभिली होती. ऊब ही त्या काटकसरीत प्रथम कमी होणारी गोष्ट होती. गल यांनी ज्या वर्षी अवटु-मांद्याचे वर्णन केले त्याच वर्षी, अन्न नाकारून कृश होत जाणाऱ्या तरुण मुलींच्या विकाराचेही वर्णन केले, आणि त्यात अन्नाबरोबरच बाहेरून ऊब देण्याचा उपाय सांगितला. अतिकृश व्यक्ती, वारंवार कडक उपवास करणारी व्यक्ती आणि वार्धक्याने स्नायू झडलेली व्यक्ती यांची थंडी याच वर्गात मोडते.

रक्तक्षय

भारतीय वाचकास हे कारण सर्वांत जवळचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आहेत. हीमोग्लोबिन उणे असले की पेशींस प्राणवायू अपुरा पडतो व ज्वलन मंदावते. लोहाच्या अभावाचे कार्य याहूनही खोल आहे. अवटु ग्रंथीत हॉर्मोन तयार करणाऱ्या विकरास लोहाची आवश्यकता असते. त्यामुळे लोह उणे झाले की ती ग्रंथीही शिथिल पडते. थंड पाण्यात बसवून केलेल्या प्रयोगांत लोहन्यून स्त्रियांचे तापमान निरोगी स्त्रियांच्या मानाने लवकर उतरले, आणि लोह दिल्यावर ही स्थिती सुधारली.

सर्वच रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही, याचा एक महत्त्वाचा पुरावा मुंबईत मिळाला. डॉ. ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून येथील कापडगिरण्यांतील गर्भवती कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये दाखविले, आणि त्यातूनच पुढे फॉलिक आम्लाचा शोध लागला. केवळ शाकाहार करणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही ध्यानात ठेवावी लागते.

हातापायांपुरती थंडी

येथे रोग्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : सर्वांगास थंडी वाजते, की केवळ हातपाय गार पडतात? उत्तर दुसरे असेल तर दोष बहुधा रक्तवाहिन्यांत असतो. मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णिलेल्या विकारात गारव्याने बोटे प्रथम पांढरी, मग निळसर व शेवटी लाल होतात. तरुणपणी, दोन्ही हातांस सारखाच होणारा हा त्रास बहुधा निरुपद्रवी असतो. तो चाळिशीनंतर प्रथमच उद्भवला किंवा बोटांस व्रण पडले, तर त्वचाकाठिण्यासारखा संयोजी ऊतकांचा विकार शोधावा लागतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषाचे पाऊल गार राहून चालताना पोटरी दुखत असेल, तर लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णिलेला रोहिणीरोग मनात यावा. यात तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच मुख्य उपाय होय. रक्तदाबावरील बीटा-रोधक औषधांनीही हातपाय गार पडतात. मधुमेहात पुष्कळदा पाय हातास उबदार लागतो, पण रोग्यास तो गार वाटतो. तेथे दोष तंत्रिकांत असतो.

नियंत्रणकेंद्राचा बिघाड

मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी इतर ग्रंथींस चालना देते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यास ती अंशतः मृत होऊ शकते, असे एच. एल. शीहान यांनी १९३७ मध्ये दाखविले. अशा स्त्रीस दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि पुढे वर्षानुवर्षे अशक्तपणा व थंडी यांनी ती ग्रासलेली राहते. येथे प्रयोगशाळेतील एक आकडा फसवितो. अवटु-मांद्याच्या चाचणीसाठी सामान्यतः अवटु-उद्दीपक हॉर्मोन मोजतात व ते वाढलेले आढळले की निदान होते. परंतु ते हॉर्मोन पोष ग्रंथीच निर्माण करते. ती स्वतःच दुर्बळ असता हा आकडा स्वाभाविक दिसतो आणि रोगी निरोगी ठरविला जातो. म्हणून थायरॉक्सिनही मोजले पाहिजे. तसेच अशा रोग्यास थायरॉक्सिन देण्यापूर्वी अधिवृक्क ग्रंथीच्या कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणे अत्यावश्यक आहे. अन्यथा उपचारच प्राणघातक ठरू शकतो. बाळंतपणाची जुनी हकीकत विचारण्यास दोन मिनिटे लागतात, आणि कित्येकदा तीच निदानाची किल्ली ठरते.

समारोप

वरील विवेचनाचा अर्थ थंडी वाजणारी प्रत्येक व्यक्ती रोगी आहे असा नव्हे. शरीराची ठेवण, स्नायूंचे प्रमाण व सवय यांमुळे माणसामाणसांत फरक असतोच. पूर्वी नसलेली थंडी नव्याने सुरू झाली, ती महिनोन्महिने टिकली आणि तिच्या जोडीस थकवा, वजनातील बदल, फिकटपणा किंवा पाळीतील बिघाड असला, तर मात्र रक्ताची गणना, लोहाचा साठा, अवटु ग्रंथीची हॉर्मोने व रक्तशर्करा एवढ्या साध्या तपासण्यांनी बहुतेक कारणे उघड होतात. आंतरिक तापमान ३५ अंशांखाली उतरले व रोगी गुंगीत असला, तर तो तातडीच्या उपचाराचा प्रसंग समजावा.

मरे यांनी आपल्या रुग्णाची थंडीची तक्रार लिहून ठेवली, तिचे तापमान मोजले आणि त्या दोहोंचे कारण एकच असावे असे मानले. आपल्या दवाखान्यात शाल पांघरून बसलेल्या बाईस आपणही तेवढे दिले पाहिजे.