देवापुढे वाकताना

एप्रिल 1969 मध्ये रोमने भारतातल्या कॅथलिक बिशपांची एक मागणी मंजूर केली. मंजुरीत बारा मुद्दे होते आणि त्या साऱ्यांचा रोख एकच होता : उपासनेत भारतीय माणसाने देवाविषयीचा आदर कसा दाखवावा. चपला-बूट काढून ठेवावेत, जमिनीवर बसावे. एक गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकले तरी चालेल. पवित्र वस्तूंचे चुंबन घेण्याऐवजी त्यांना बोटे लावून ती कपाळाला किंवा डोळ्यांना लावावीत. मेणबत्त्यांच्या जागी तेलाचे दिवे असावेत, फुले, धूप आणि दीप यांनी आरती करावी, पंचांग प्रणामही करावा. यातले काहीच सक्तीचे नव्हते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965) लोकभाषा आणि लोकरीती यांना उपासनेचे दार उघडून दिले होते. भारतात ते काम पुढे नेणाऱ्यांत बंगळूरचे धर्मगुरू डी. एस. अमलोरपवदास हे प्रमुख होते.

काहींनी या बदलांचे मनापासून स्वागत केले, तर काहींना आपले चर्च हातचे जाते आहे असे वाटले. वाद चपला आणि समयांवरून झाला, पण त्याच्या मुळाशी ख्रिस्ती धर्माइतकाच जुना प्रश्न होता. ज्याला 'बापा' म्हणून हाक मारायची, त्याच्यापुढे थरथरायचे कसे?

बायबलमध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. जळत असूनही भस्म न होणाऱ्या झुडपापाशी मोशेला पायांतले जोडे काढायला सांगितले जाते. यशयाला मंदिरात देवाचे दर्शन होते, तेव्हा सिंहासनापाशी उभ्या असलेल्या सहा पंखांच्या सराफीम देवदूतांनीही दोन पंखांनी तोंड झाकून घेतलेले असते. एलीयाला मात्र देव वादळात, भूकंपात किंवा अग्नीत भेटत नाही. सगळे शांत झाल्यावर ऐकू आलेल्या मंद स्वराने तो अंगरख्यात तोंड लपवतो.

नव्या करारात तर हे भय संकट टळल्यावर येते. गालील सरोवरात वादळ उठले तेव्हा शिष्य घाबरलेच होते. येशूने वारा थांबवला, पाणी निवळले, आणि मार्क लिहितो की त्यानंतर त्यांना फार मोठे भय वाटले. पेत्राचेही तसेच. रात्रभर रिकामी राहिलेली जाळी येशूच्या सांगण्यावरून टाकली आणि माशांनी फाटायला आली, तेव्हा हा मुरलेला कोळी त्याच्या पायांशी कोसळतो आणि 'माझ्यापासून दूर जा' अशी विनवणी करतो. समोरच्या चांगुलपणाची खोली आपल्याला मोजता येत नाही, हे कळण्याचे हे भय आहे.

संत ऑगस्टीन आणि पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी म्हणूनच भयाचे दोन प्रकार वेगळे केले. दासाला शिक्षेचे भय असते, लेकराला आईबापांचे मन दुखावण्याचे. प्रेम वाढते तसे पहिले भय ओसरते, दुसरे मात्र प्रेमाबरोबर वाढत जाते. जर्मन विचारवंत रुडॉल्फ ओटो यांनी 1917 साली पवित्रतेच्या अनुभवावर ग्रंथ लिहिला. माणसाला एकाच वेळी मागे सारणारे आणि ओढून घेणारे गूढ, असे त्यांनी या अनुभवाचे वर्णन केले. त्याच्या उदाहरणांत त्यांनी गीतेचा अकरावा अध्यायही घेतला. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला आपण कृष्णाला सखा म्हणून केलेली थट्टा आठवते आणि तो क्षमा मागतो. मराठी वाचकाला पेत्राचे मन समजायला याहून जवळची वाट नाही.

हा तोल चर्चला प्रत्येक शतकात साधलाच असे नाही. 325 सालच्या निसिया परिषदेने रविवारी आणि ईस्टर ते पेंटेकॉस्टच्या काळात गुडघे न टेकता उभे राहून प्रार्थना करावी असा नियम केला. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. उठवलेल्या माणसाने उभे राहणे हाच तिथे आदर होता. पुढे पारडे दुसरीकडे झुकले. लोक कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यायलाच धजेनात, तेव्हा 1215 च्या लॅटरन परिषदेला वर्षातून निदान एकदा तरी ते घ्या असे फर्मान काढावे लागले. 1643 मध्ये फ्रान्सच्या आंत्वान आर्नो यांनी वारंवार कम्युनियन घेण्याविरुद्ध पुस्तक लिहिले. त्यांच्या विचाराच्या मंडळींत पूर्ण शुद्ध झाल्याशिवाय वेदीपाशी जाऊच नये अशी कडक वृत्ती रुजली. आदर एवढा वाढला की ताटापुढचा माणूस उपाशीच उठू लागला. 1905 मध्ये पोप दहावे पायस यांच्या काळात रोमने रोज कम्युनियन घेण्याला उत्तेजन दिले. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याचा उपवास 1953 पासून सैल होत 1964 मध्ये एका तासावर आला. आता तक्रार उलट आहे : रांगेत सगळेच येतात, पण थबकत कोणी नाही.

महाराष्ट्र-गोव्यात या प्रश्नाला भक्तीची जोड मिळाली. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' ओवीत लिहिले. नव्या धर्माचा महिमा कानाला ओळखीच्या लयीत पोचला. तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861 ते 1919) ख्रिस्ताला गुरू म्हटले आणि आईही म्हटले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. टाळांच्या नादात दरारा आणि लाड एकत्र नांदतात, ते वारकऱ्याला नवे नाही.

पण इथेच एक गाठ आहे आणि ती समई-आरतीच्या वादात फारशी बोलली गेली नाही. नगर, मराठवाडा या भागांतले बहुसंख्य ख्रिस्ती दलित समाजातून आलेले. त्यांच्या आजा-पणज्यांना गावात चपला काढायला कोणी झुडपातून सांगितले नव्हते. पाटलाच्या वाड्यापुढे ते सक्तीचे होते. जोहार घालणे, अंतर राखून उभे राहणे, मान खाली ठेवणे, हे सगळे 'आदर' याच नावाने वसूल केले जात होते. त्यामुळे संस्कृत वळणाच्या विधींना 'भारतीय' म्हणताना भारत नेमका कोणाचा, हा दलित ख्रिस्ती विचारवंतांचा सवाल रास्त होता. ज्याला बूट घालून, बाकावर सगळ्यांच्या बरोबरीने बसायला पहिल्यांदा चर्चमध्येच मिळाले, त्याला बूट घालून बसणेच पवित्र वाटले तर नवल नाही.

बायबलची साक्षही त्याच्याच बाजूने निघते. दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे बाबेलच्या राजाने उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीला दंडवत घालायला नकार देतात आणि धगधगत्या भट्टीत जायला तयार होतात. देवापुढे वाकणारी पाठ राजापुढे ताठ राहते. देवाचे भय माणसाला माणसांच्या भयातून सोडवत नसेल, तर ते दासाचेच भय, फक्त मालक बदललेला.

पवित्र गुरुवारच्या विधीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. पेत्र इथेही संकोचाने मागे सरतो, पण या वेळी त्याचे ऐकले जात नाही. याच्या स्मरणार्थ धर्मगुरू वर्षातून एकदा गावकऱ्यांपुढे वाकून त्यांचे पाय धुतात. 2016 पासून या विधीत स्त्रियांनाही बसवण्याची अधिकृत परवानगी आहे. ज्याच्यापुढे सराफीम तोंड झाकतात तोच कोळ्याचे पाय धुतो, असे मानणाऱ्या धर्मात आदराची कसोटी गुडघ्याचा कोन ठरवू शकत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपवून बाहेर पडलेला माणूस, ज्यांनी आजवर आपल्यापुढे चपला काढल्या त्यांच्याशी कसा वागतो, यावरून ती ठरते.